कचरा माझा, माणसं तिची

पहिल्या रविवारी मी भांडायला खाली उतरलो होतो. खोटं कशाला बोलू? सकाळी सात वाजता माझ्या खिडकीखाली फावड्यांचा खणखणाट चाललेला आणि त्यात कुणाचं तरी खदाखदा हसणं. रिटायर झालेल्या माणसाला तशीही झोप येत नाही, पण म्हणून काय त्याच्या उशाशी फावडी आपटायची? शर्टाची बटणं लावत, जिन्यातच दोन-तीन जळजळीत वाक्यं जुळवून मी खाली गेलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची मोठी पेटी आहे. तिच्यामागचा कोपरा म्हणजे गल्लीचा उकिरडा. वीस वर्षांत तिथे काय पडलं नव्हतं? फुटकी बेसिनं, पोट फाटलेल्या गाद्या, एक अख्खा दरवाजा कडीकोयंड्यासकट. त्या घाणीत चार जण उतरले होते. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मागे टेलरमास्तर, बेकरीवाला आणि त्याची बायको. मी तोंड उघडायच्या आत नर्सबाई म्हणाल्या, "बरं झालं काका, आलात. तुम्ही वीज खात्यात होता ना? इथे खणू का? खालून केबल गेलीय म्हणे."

वीज खात्यात म्हणजे मी मीटर रीडर होतो. पोस्टमनचा पत्रातल्या मजकुराशी जेवढा संबंध, तेवढाच माझा केबलशी. पण ती टाकली तेव्हा मी इथेच राहत होतो आणि खिडकीत उभा राहून सगळं पाहिलं होतं. मी म्हणालो, भिंतीपासून चार हात सोडा आणि मग खुशाल खणा. त्यांनी लगेच मी दाखवलं तिथे खडूने रेघ मारली आणि सगळे रेघेच्या अलीकडे खणू लागले. माझी वाक्यं घशातच राहिली. कुणीतरी हातात दाताळं दिलं, ते मी मुकाट्याने घेतलं.

नऊ वाजता बेकरीवाल्याच्या बायकोने चहाची किटली आणली. सगळे फुटपाथच्या कडेला बसले, मीही बसलो. तिने विचारलं, काका, साखर किती? सहा वर्षं माझ्या चहात साखर मीच घालत होतो, मोजायची वेळ कशाला येते? दोन चमचे, असं ठोकून दिलं. फार गोड झाला, तरी सगळा प्यालो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. माझं सांगतो. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरात गेलो, पण दारापासून चार पावलं. मीटर दाराजवळच असतो. कुणाच्या घरात किती वीज जळते ते मला युनिटापर्यंत ठाऊक, पण त्या घरातली माणसं जेवायला कुठे बसतात ते ठाऊक नाही. मला कुणी बसा म्हटलं नाही आणि मलाही बसायला वेळ नव्हता. आमच्या घरात माणसं होती ती बायकोची. तिच्या मैत्रिणी, तिच्या शेजारणी, तिच्या भिश्या. मी तिच्यामागे उभा राहून मान हलवायचो. ती गेली आणि तिच्याबरोबर माणसंही गेली. लेक दुसऱ्या शहरात आहे. रविवारी संध्याकाळी फोन करते, जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. चांगली आहे पोर, तक्रार नाही.

तर असे सलग नऊ रविवार गेले. नगरपालिकेची गाडी सहा फेऱ्या करून गेली. खालची जमीन दिसली तेव्हा टेलरमास्तर म्हणाले, अरेच्चा, ही तर सपाट आहे. माती आणली, रोपं लावली, त्या कडीकोयंड्याच्या दरवाजाचं बाक केलं. भिंत रंगवायची ठरली तेव्हा मास्तरांनी आपल्या कापडावरच्या खडूने आखून दिलं आणि बेकरीवाल्याच्या बायकोने त्यात हिरवी पानं भरली. अशी पानं जगातल्या कुठल्या झाडाला नसतील, पण लांबून बरी दिसत. आणि प्रत्येक खड्ड्याआधी कुणी ना कुणी वळून मला विचारायचं, "काका, इथे खणू का?" केबल कुठे आहे हे एव्हाना कुत्र्यालाही माहीत झालं होतं. तरी विचारायचे. मी उगाच दोन मिनिटं जमिनीकडे बघायचो आणि मग हो म्हणायचो. मला फार बरं वाटायचं. सोमवारपासून मी रविवारची वाट पाहायला लागायचो.

दहाव्या रविवारी नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, झालं बरं का आपलं काम. आता प्रत्येकाने आपापलं लक्ष ठेवायचं, पुढच्या रविवारपासून सुट्टी. सगळ्यांचा बाकावर फोटो निघाला. फोटो काढायला एक माणूस बाहेर लागतोच, तो मी होतो.

पुढच्या रविवारी मी सातला हातमोजे घालून खाली गेलो. म्हटलं, सवयीने कुणीतरी येईलच. कोपरा लख्ख. रोपांना पाणी घातलेलं, बाक पुसलेलं, कागदाचा कपटाही नाही. मी बसून राहिलो. आठ वाजता टेलरमास्तर पाव घेऊन जाताना म्हणाले, काय काका, आज सुट्टी ना, आणि थांबलेसुद्धा नाहीत. घरी आलो. हातमोजे काढले आणि पलंगावर बसलो. इतकं रिकामं वाटलं की विचारू नका. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात वाटायचं, तसंच.

त्यानंतर जे झालं ते आधी चुकून झालं, हे मी शपथेवर सांगतो. एका दुपारी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरलो होतो. हमरस्त्यावरच्या डब्यापर्यंत जायचं, तर वर माझा फोन वाजायला लागला. पिशवी रोपांच्या कडेला टेकवली आणि धावत वर गेलो. विमेवाल्याचा फोन होता. त्याला चार शब्द सुनावण्यात पिशवी साफ विसरलो. संध्याकाळी खिडकीतून पाहतो तर माझ्या एका पिशवीच्या तीन झाल्या होत्या. एकाने टाकलं की दुसऱ्याचा हात मोकळा होतो, हे काही मी नव्याने सांगायला नको. रात्री गल्लीच्या ग्रुपवर नर्सबाईंचा मेसेज आला. एवढं करून शेवटी हेच का, रविवारी सगळ्यांनी यावं.

मी तो मेसेज चारदा वाचला. लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता.

रविवारी सगळे आले. लोकांना अक्कल नाही यावर एकमत झालं, त्यात मी सर्वात मोठ्याने बोललो. चहा झाला. पुन्हा सोमवार उजाडला आणि मी विचार करायला लागलो.

दुपारी दोन ते तीन आमची गल्ली मेलेली असते. कामावरची माणसं कामावर, घरातली आडवी झालेली. आठवड्यातून दोनदा मी अडीच वाजता पिशवी घेऊन उतरायचो, रोपांच्या आड ठेवायचो आणि वर येऊन खिडकी लावून घ्यायचो. पण एकट्या माणसाचा कचरा तो किती? दोन कांद्यांची सालं, चहाचा चोथा, औषधाचं पाकीट. त्याने कुणाला राग येणार? मग मी घर धुंडाळायला लागलो. जुनी कॅलेंडरं गेली. झाकण हरवलेले डबे गेले. बंद पडलेली इस्त्री गेली, तुटकी छत्री गेली, जुने बूट एक एक करून दोन खेपांत गेले. बायको असताना ती म्हणायची, घर आहे की भंगाराचं दुकान, टाका की हे. तेव्हा मी तिच्यावर डाफरायचो. आता तिचं म्हणणं ऐकत होतो, पण तिला आवडलं नसतं अशा रीतीने. प्रत्येक वस्तूवर कुठे नाव, पत्ता, शिक्का आहे का ते मी चष्मा लावून तपासत होतो. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही.

रविवार परत सुरू झाले. नर्सबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, मास्तर शिव्या देत होते, आणि मी त्यांच्यात उभा राहून ओठ आवळून मान हलवत होतो. दीड-दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग माळ्यावर रीडिंगच्या वह्या सापडल्या. आमच्या काळी मीटरचा आकडा वहीत लिहायचा, खाली कार्बन पेपर, वरचं पान घरवाल्याला आणि खालचं ऑफिसला. रिटायर होताना दहा-बारा कोऱ्या वह्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. छापील पानांवर खात्याचं नाव, म्हणून ती बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला. कार्बनवर काय असणार? काळा कागद तो. ते तसेच पिशवीत भरले. एवढी वर्षं आकडे वाचण्यात घालवली, पण स्वतःचा गाढवपणा मला वाचता आला नाही.

रविवारी पिशवी फुटली आणि कार्बन पेपर बाकाखाली पसरले. मास्तरांनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, आता कार्बन वापरतं कोण? सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यासमोर तळमजल्यावर टायपिस्टबाई राहतात. पूर्वी त्या लोकांचे अर्ज घरी टाइप करून द्यायच्या. तो धंदा बसला तशा त्याही बसल्या, घरात. त्या साफसफाईला कधी आल्या नव्हत्या आणि कुणाशी बोलतही नव्हत्या. खोलीत कागदांचे ढीग आहेत, असं सगळे म्हणायचे. आत गेलेलं कुणीच नव्हतं.

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मास्तरांच्या हातातला कागद माझा होता. पण चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या मताची वाट पाहत होते, आणि ते सुख मला सोडवेना. मी म्हणालो, "शक्य आहे."

लगेच वरात निघाली. पुढे नर्सबाई, सगळ्यांच्या मागे मी. ते दार मला चांगलं माहीत होतं. वर्षानुवर्षं मी त्यांचा मीटर वाचला होता. महिन्याला नऊ युनिटं, फार तर दहा. एक दिवा, तोही जपून. सुरुवातीला मला वाटलं मीटर अडकलाय, म्हणून मी त्याला टिचक्या मारून पाहिल्या होत्या. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मीटर बरोबर आहे हो, वापरणारीच कमी आहे.

त्यांनी साखळी लावूनच दार उघडलं. मग एवढी माणसं पाहून साखळी काढली. नर्सबाईंनी कागद पुढे धरला आणि सरळ विचारलं, हे तुमचे का? आवाज चढवला नाही, पण धार होती. टायपिस्टबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग आमच्याकडे एकेक करून पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मी चपलांकडे बघायला लागलो. आता नाही म्हणतील, मग चौकशी होईल, मग माझं पितळ उघडं पडेल, हे सगळं डोक्यात गरगरत होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझेच आहेत. आत या ना, सगळेच या."

मंडळी गोंधळलीच. भांडायला आलेल्या माणसाला आत बोलावलं की त्याची पंचाईत होते. सगळे आत गेले. मी दाराशीच उभा राहिलो, सवयीने. आत कागदांचे ढीग वगैरे काही नव्हते. एक टेबल, त्यावर झाकलेला टाइपरायटर, एक खुर्ची, एक खाट. खुर्ची एकच म्हणून सगळे खाटेवर दाटीवाटीने बसले. टायपिस्टबाई सांगत होत्या की गुडघे धरलेत, हमरस्त्यावरच्या डब्यापर्यंत चालवत नाही, म्हणून समोरच ठेवून येते, चुकलं माझं. नर्सबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. खाली वाकून त्यांनी गुडघे दाबून पाहिले आणि त्यांनाच रागावल्या, आधी का नाही सांगितलंत म्हणून. तिथल्या तिथे वार वाटले गेले. सोमवारी नर्सबाई कचरा नेणार, बुधवारी मास्तर, गुरुवारी मी, शनिवारी बेकरीवाल्याची बायको. टाइपरायटरला कागद लावून टायपिस्टबाईंनी ते खटाखट उतरवलं आणि दाराच्या आत चिकटवलं. कचरा करणारं माणूस सापडलं म्हटल्यावर रविवार पुन्हा बंद झाले, हे सांगायला नकोच.

पुढचे चार दिवस माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. तुम्हीच सांगा, कचरा कुणाचा? माझा. भर दुपारी जिने उतरून पाय कुणाचे मोडले? माझे. आणि माणसं कुणाकडे चालली? त्या बाईकडे. एक शब्द बोलली, हो, आणि बसल्या जागी चार माणसं मिळवली. मी खिडकीतून बघत होतो. सोमवारी नर्सबाई गेल्या, त्या मलमाची ट्यूब घेऊन, आणि वीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. बुधवारी मास्तर गेले, ते टेप घेऊन, पडद्याचं माप घ्यायला. पडदा! माझ्या खिडकीला सहा वर्षं पडदा नाही, ते मास्तर रोज येता-जाता वर बघतात.

आणि मग कळलं की हे सगळं मला मिळालं असतं. त्या दिवशी बाकापाशी मी हो म्हटलं असतं, माझे आहेत, तर शिव्या खाल्ल्या असत्या, पण नंतर माझ्याही दारावर कागद लागला असता. मी शहाणा, ती संधी दुसऱ्याला देऊन बसलो.

गुरुवारी मी ठरवून गेलो. बाईंना सांगायचं की मी आजच जाऊन सगळ्यांना खरं सांगणार. त्यांनी मला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बसत होतो. मी एका दमात बोललो की ते कार्बन माझे होते, बाकीचा कचराही माझा होता, आणि तुम्ही उगाच आळ अंगावर घेतलात.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी अडीच वाजता, निळी पिशवी. माझी खिडकी समोरच आहे."

मी विचारलं, मग त्या दिवशी नाही का म्हणाला नाहीत? त्यांनी खाटेची चादर सारखी केली आणि खाली बघत म्हणाल्या, "नाही म्हटलं असतं तर सगळी दारातूनच परत गेली असती."

कपाळावर हात मारायचा की त्यांच्या पाया पडायचं, तेच कळेना. मग त्याच म्हणाल्या, सांगायचं असेल तर सांगा, मी अडवणार नाही. "फक्त शनिवार जाऊ द्या. शनिवारी ती बेकरीवाली माझे केस धुवून देणार आहे. माझे हात मागे पुरत नाहीत हो आता."

माझा राग तिथेच बसला. मी म्हणालो, नाही सांगत, शनिवारीही नाही आणि नंतरही नाही. वर असंही म्हणून गेलो की गुरुवार सोडून मी एरवीही येत जाईन, कचऱ्याशिवाय, नुसता बसायला. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या हसल्या, पण ते हसणं नकाराचं होतं. म्हणाल्या, याल हो तुम्ही, पण तुम्ही माझ्यासारखेच. दोघं समोरासमोर बसून बोलणार काय? माझी नऊ युनिटं, तुमची किती?

"अकरा," मी म्हणालो.

"मग," त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं, पण खोटं नव्हतं. मलाही मास्तरांनी बोलायला हवं होतं, नर्सबाईंनी विचारायला हवं होतं. टायपिस्टबाईंची मला काय गरज? त्यांना माझी नव्हती, मला त्यांची नव्हती.

उठताना त्यांनी कचऱ्याची पिशवी दिली. हातात घेतली तर काही घेतल्यासारखं वाटलंच नाही. आत कांद्याची दोन-चार सालं. माझी नजर बघून त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, हीच तर काळजी आहे. पिशवी अशीच रिकामी दिसली तर एक दिवस नर्सबाई म्हणतील, आता जमतंय की तुमचं तुम्हाला. तुमच्याकडे काही असेल तर आणत जा.

म्हणजे बघा, गुरुवारी मी कचरा न्यायच्या ऐवजी पोचवायला लागलो. जाताना भरलेली निळी पिशवी, येताना रिकामी. त्या ते सामान बाकीच्या तीन वारांना पुरेल असं वाटून ठेवायच्या, फार हिशेबी बाई. मी पुन्हा माळा उपसला. फुटलेली कुंडी, रेडिओचा सांगाडा, लेकीच्या शाळेच्या वह्या. त्या वह्यांचं जरा वाईट वाटलं, पण दिल्या. बाकीचे तिघं नेमाने येत राहिले. नवा पडदा लागला. टायपिस्टबाईंचे केस दर शनिवारी धुतले जायचे आणि त्या खिडकीत वाळवत बसायच्या. मला बघून मान हलवायच्या, बस्स, तेवढंच. मी वर माझ्या खिडकीत, त्या खाली त्यांच्या.

तीन महिन्यांत माझं घर रिकामं झालं. माळा झाडून पुसून स्वच्छ. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कढई, दोन ताटं. आता बोललं की घुमायला लागलं, म्हणून मी बोलणंही कमी केलं. एक बायकोचं कपाट तेवढं राहिलं होतं. लेक दर रविवारी म्हणायची, बाबा, आईचं कपाट आवरा आता, आणि मी दर रविवारी म्हणायचो, बघू.

त्या गुरुवारी सकाळी मी ते उघडलं. वरच्या खणात तिच्या रोजच्या वस्तू होत्या, दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतून मीच तिथे कोंबलेल्या. चष्म्याचं घर. फणी, तिच्यात दोन केस. दुपारचं वाचायचं म्हणून ठेवलेलं मासिक, पान दुमडलेलं. विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही, सुया तशाच अडकवलेल्या. तो स्वेटर माझा होता, राखाडी, मला न विचारता रंग निवडला म्हणून मी तिच्याशी भांडलो होतो. मी पलंगावर बसून खूप रडलो. आणि मग सगळं पिशवीत भरलं, कारण गुरुवार होता आणि घरात दुसरं काहीच नव्हतं.

जिन्यात नर्सबाई भेटल्या, ड्यूटीवर निघालेल्या. माझ्या हातातली पिशवी बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचं मला फार कौतुक वाटतं. त्या टायपिस्टबाईंना चौघं लागतात बिचाऱ्यांना. तुमचं सगळं तुम्हीच करता. तुम्हाला कुणी लागत नाही."

"लागतं," मी म्हणालो.

त्या दोन पायऱ्या उतरल्याही होत्या. वळून म्हणाल्या, काय म्हणालात? आयुष्यात एवढा जड शब्द मी उचलला नव्हता. परत म्हणालो, "मलाही लागतं. मलाही एक वार द्या."

त्यांना काही कळेना. कशासाठी, विचारलं त्यांनी. माणूस हवंय म्हणून, असं सांगता येत नाही हो, तोंडच उघडत नाही. मी म्हणालो, कचऱ्यासाठी, गुडघे धरलेत. टायपिस्टबाईंचेच गुडघे उसने घेतले. नर्सबाईंचा चेहरा एकदम उतरला. अहो, मग सांगायचं नाही का, म्हणत त्या परत वर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. मी पटकन सोडली नाही. त्यांना वाटलं मी संकोचतोय, म्हणून त्यांनी जरा ओढलीच.

"काय भरलंय एवढं?" त्यांनी हसत विचारलं.

"जुनं," मी म्हणालो.

मी वर येऊन खिडकीत उभा राहिलो. नगरपालिकेची गाडी हमरस्त्यावर उभीच होती. नर्सबाईंनी तिला हात केला, पळत गेल्या आणि पिशवी आत टाकली. मग वर बघून मला हात हलवला आणि ओरडून म्हणाल्या, मंगळवारी येते. मीही हात हलवला. टायपिस्टबाईंकडे त्या दिवशी मी हात हलवतच गेलो आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी दार मात्र पुरतं उघडलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. मी सहापासून दाढी करून तयार होतो. नर्सबाई आत आल्या नाहीत, घाईत होत्या, पण दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, रात्री झोप लागते का काका, पाय सुजतात का, जेवायला काय करता. मी सगळ्याची सावकाश उत्तरं दिली. दोन मिनिटं सहज झाली असतील. मग मी पिशवी दिली आणि त्या गेल्या.

कपाटात अजून तीन खण आहेत. एकात तिच्या शाली, एकात रोजचे कपडे, खालच्यात चपला आणि पर्सा. एका वेळी सगळं काढायचं नाही, दर मंगळवारी थोडं थोडं. जपून काढलं तर वर्षअखेरपर्यंत पुरेल.